बसच्या धोकादायक चालवण्याबद्दल सायकलस्वारांनी तक्रार कशी करावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत सायकल हे आजही असंख्य लोकांचे रोजचे वाहन आहे. पहाटे दुधाचे कॅन बांधून गावाबाहेर पडणारा गवळी, वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला निघालेला कामगार, आठवीत शिकणारी मुलगी आणि अलीकडे व्यायामासाठी उजाडता उजाडता बाहेर पडणारे शहरातले लोक हे सगळे ज्या डांबरावरून जातात, त्याच डांबरावरून एसटी, ट्रॅव्हल्स आणि शाळांच्या बसही जातात. परभणी जिल्ह्यातील एका राज्यमार्गावरून मी बारा वर्षे सायकलने नोकरीला जात आहे. या काळात स्वतः केलेल्या आणि इतरांना लिहून दिलेल्या तक्रारींतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

बस अगदी घासून गेली, पण मला काहीच लागले नाही. तरीही तक्रार करता येते का?

होय, करता येते आणि केलीच पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक पद्धतीने वाहन चालवणे हा स्वतंत्र अपराध आहे आणि त्यासाठी कोणाला इजा झालेली असण्याची अट नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमाची व्याप्ती आणखी वाढवली. ज्या चालवण्यामुळे गाडीतील प्रवाशांना, रस्त्यावरील इतरांना किंवा रस्त्यालगत असलेल्या माणसांना धास्ती वाटते किंवा त्रास होतो, ते चालवणेही आता त्यात मोडते. सिग्नल तोडणे, हातात मोबाइल धरून गाडी चालवणे, नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणे आणि उलट दिशेने गाडी घालणे या गोष्टींचा तेथे नावानिशी उल्लेख आहे. पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. याखेरीज १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवण्याबद्दल आहे.

माझ्या मते थोडक्यात निभावलेल्या प्रसंगाची तक्रार ही सर्वांत मोलाची असते. अपघातानंतरच्या कागदपत्रांचा उपयोग भरपाईसाठी होतो, तर अपघाताआधीच्या तक्रारीमुळे एखाद्याचा जीव वाचू शकतो.

बस किती जवळून गेली म्हणजे ती धोकादायक म्हणायची?

मोटार वाहन चालन विनियम, २०१७ नुसार पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध आणि दिव्यांग अशा सर्वांत असुरक्षित लोकांची विशेष काळजी घेणे हे चालकाचे कर्तव्य आहे. जर्मनीत सायकलस्वाराला ओलांडताना वस्तीत दीड मीटर आणि वस्तीबाहेर दोन मीटर अंतर ठेवण्याचा नियम २०२० पासून आहे. आपण तक्रार लिहिताना दीड मीटर हे माप मनाशी धरावे, कारण त्यामागे साधा हिशेब आहे.

बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. सायकलच्या हँडलची रुंदी साठ सेंटिमीटरच्या आसपास असली, तरी सायकल कधीच रेघेत चालत नाही. ती थोडी डोलते, खड्डा चुकवते, वाऱ्याने हलते, त्यामुळे स्वाराला सुमारे एक मीटर जागा लागतेच. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना बांधले असतील तर त्याहून अधिक लागते. आता आपले रस्ते पाहावेत. गावाला जोडणारा एकेरी रस्ता पावणेचार मीटरचा असतो. त्यावर बस गेली की उरते सव्वा मीटर, म्हणजे बसने एक चाक खाली उतरवले नाही किंवा वेग अगदी कमी केला नाही, तर सायकलला जागाच राहत नाही. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर समोरून काही येत नसेल तर तीन मीटर उरतात आणि काम भागते. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर मात्र दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की पाच मीटर त्यांनीच व्यापलेले असतात. उरलेल्या दोन मीटरमध्ये दोन्ही गाड्यांमधले अंतर आणि आपण, दोघांनाही बसवायचे असते, आणि ते बसत नाही. अशा वेळी बसने चार सेकंद मागे थांबणे एवढाच सुरक्षित मार्ग असतो. बहुतेक तक्रारींच्या मुळाशी न थांबलेले हे चार सेकंद असतात.

ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी बारा मीटर लांबीची बस आपल्याला सुमारे एका सेकंदात ओलांडून जाते. तिच्या पुढच्या भागाने ढकललेली हवा आधी आपल्याला बाहेर लोटते आणि बस सरताच तीच हवा आत ओढते. ज्याने हे अनुभवले आहे, त्याला "धक्का तर लागला नाही ना" हा प्रश्न किती अपुरा आहे हे समजते.

जवळून जाण्याखेरीज आणखी तीन प्रकार तक्रारीस पात्र आहेत. पहिला म्हणजे आपल्याला ओलांडून लगेच डावीकडे दाबून थांब्यावर ब्रेक मारणे. दुसरा म्हणजे समोरून येणाऱ्या बसने ट्रक किंवा उसाच्या ट्रॅक्टरला ओव्हरटेक करत आपल्या बाजूला येणे आणि आपण रस्ता सोडू असे गृहीत धरणे. तिसरा म्हणजे मागून सतत कर्कश हॉर्न वाजवत खाली उतरायला भाग पाडणे. यांपैकी दुसरा प्रकार मला सर्वांत भयंकर वाटतो, कारण त्यात चालकाने आपल्याला पाहिलेले असते आणि तरीही तो येत राहतो.

सायकलवाल्याने साइडपट्टीवरूनच जायला हवे, असे चालक म्हणतात. ते खरे आहे का?

नाही. सायकलस्वाराने डांबराच्या डाव्या बाजूने जावे, हे बरोबर आहे, पण डांबर सोडून खाली उतरण्याचे बंधन त्याच्यावर नाही. समृद्धी महामार्गासारख्या द्रुतगती मार्गावर सायकलींना मनाई आहे, इतर रस्त्यांवर सायकलस्वार हक्काने असतो.

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. काळ्या मातीच्या साइडपट्ट्या पावसाळ्यात चिखल होतात आणि उन्हाळ्यात भेगाळतात. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत अनेक ठिकाणी वीतभर फरक असतो. मागून हॉर्न ऐकून घाईने खाली उतरलेली सायकल त्या कडेला घासून पडते आणि स्वार पडतो तो बहुधा रस्त्याच्या बाजूला, म्हणजे नेमका बसच्या चाकांकडे. म्हणून कडेपासून हात-दीड हात आत चालवणे हेच सुरक्षित आहे. तक्रारीत "मी डांबराच्या डाव्या कडेपासून सुमारे दीड हात आत सरळ जात होतो" असे वाक्य आवर्जून लिहावे.

गाडी निघून गेली आणि नंबर पूर्ण दिसला नाही. आता काय करावे?

नंबर अर्धा दिसला तरी तो लिहून ठेवावा, कारण एसटीच्या बाबतीत इतर खुणांवरून गाडी शोधता येते. पाटी कोणती होती, गाडी कोणत्या दिशेने जात होती, वेळ काय होती आणि गाडी साधी लाल होती, निमआराम होती की इलेक्ट्रिक, एवढे सांगितले तरी आगाराला ती फेरी ओळखता येते. प्रत्येक फेरीचा चालक आणि वाहक ठरलेला असतो, स्थानकावर गाडी आल्या-गेल्याची नोंद होते आणि वाहकाच्या तिकीट यंत्रात थांब्यागणिक वेळ उमटते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या प्रवासी वाहनांत स्थान दाखवणारे उपकरण सक्तीचे आहे, त्यामुळे अमुक मिनिटाला गाडी कोठे होती हे तपासणेही शक्य असते. या सर्व गोष्टींचा उपयोग आपण वेळ किती नेमकी देतो यावर अवलंबून आहे. "सकाळी" असे न लिहिता "सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास" असे लिहावे, आणि थांबल्याबरोबर मोबाइलवर स्वतःलाच एक संदेश पाठवून ठेवावा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप होते.

मी केलेली पहिली तक्रार फेटाळली गेली होती. त्यात मी रागाने दोन पाने लिहिली होती, पण कोणती फेरी आणि किती वाजता हे त्यात नव्हते. त्या कार्यालयाने "गाडीचा बोध होत नाही" असे एका ओळीचे उत्तर दिले आणि ते उत्तर योग्यच होते.

एसटीच्या नंबरवरून ती कोणत्या आगाराची आहे हे कळते का?

कळत नाही, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. एमएच-२० दिसले म्हणजे गाडी छत्रपती संभाजीनगरची, असे खासगी वाहनांबाबत साधारणपणे म्हणता येते. एसटीच्या अनेक गाड्यांची नोंदणी मात्र ज्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्या बांधल्या गेल्या, तेथील परिवहन कार्यालयात होते. दापोडीच्या गाड्यांवर एमएच-१४, चिकलठाण्याच्या गाड्यांवर एमएच-२० आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या गाड्यांवर एमएच-४० असते. त्यामुळे एमएच-४० ची गाडी अंबाजोगाईची आणि एमएच-२० ची गाडी सोलापूरची असू शकते. आगाराचे नाव किंवा त्याचे आद्याक्षर बहुधा गाडीवरच लिहिलेले असते, ते पाहावे. तुळजापूरची नवरात्र, पैठणची नाथषष्ठी किंवा औंढा नागनाथची महाशिवरात्र अशा यात्रांच्या दिवसांत जादा गाड्या दूरदूरच्या विभागांतून येतात, तेव्हा ही खूण विशेष उपयोगी पडते.

तक्रार नेमकी कोणाकडे करायची?

एसटीची गाडी असेल तर संबंधित आगाराच्या आगार व्यवस्थापकांकडे तक्रार करावी आणि तिची प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. मराठवाड्यात एसटीचे छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर आणि धाराशिव असे सात विभाग आहेत. हिंगोली जिल्ह्यातील आगारे परभणी विभागात येतात. आगार कळले नसेल तर जेथे घटना घडली त्या जिल्ह्याच्या विभाग नियंत्रकांकडे अर्ज द्यावा, तेथून तो योग्य ठिकाणी पाठवला जातो. स्थानकावर वाहतूक नियंत्रकांकडे तक्रार पुस्तक असते, त्यात नोंद करता येते, पण स्वतंत्र अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेणे अधिक भक्कम असते. काही इलेक्ट्रिक गाड्या खासगी कंपनीच्या असून चालकही त्या कंपनीचा असतो आणि वाहक तेवढा महामंडळाचा. तरीही तक्रार महामंडळाकडेच द्यावी, कारण करार त्यांच्याशी आहे आणि कंपनीला जाब विचारण्याचा अधिकारही त्यांचाच आहे.

ट्रॅव्हल्सच्या बाबतीत मालकाला फोन करून काही साध्य होईल अशी अपेक्षा ठेवू नये. परवाना देणारे खाते परिवहन विभाग आहे, म्हणून तक्रार प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे द्यावी. चालकाला अनुज्ञप्ती (ड्रायव्हिंग लायसन्स) धारण करण्यास अपात्र ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९ नुसार अनुज्ञप्ती प्राधिकाऱ्याला आहे आणि परवान्याच्या अटी मोडल्यास कलम ८६ नुसार परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

शाळेच्या बसबद्दल मुख्याध्यापकांना लेखी कळवावे. महाराष्ट्रात स्कूल बसबाबत २०११ चे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, तिच्यापुढे आपला अर्ज ठेवण्याची मागणी करावी. कामगारांना नेणाऱ्या बसबाबत कंपनीचा मनुष्यबळ विभाग आणि परिवहन कार्यालय या दोघांना कळवावे. छत्रपती संभाजीनगरमधील शहर बस ही स्मार्ट सिटी महामंडळाची सेवा असल्याने तिच्याविषयीचा अर्ज एसटीच्या विभागाकडे देऊ नये.

अर्जात काय लिहावे? एखादा नमुना मिळेल का?

खाली एक नमुना दिला आहे. त्यात विशेषणे नाहीत, हे लक्षात घ्यावे. "माजलेला", "दारू प्यालेला असावा", "जाणूनबुजून मारायला आला" असे शब्द आले की चौकशी करणारा अधिकारी घटनेऐवजी आपल्या रागाकडे पाहू लागतो, आणि जे आपण पाहिलेले नाही ते लिहिल्याने जे पाहिले आहे त्यावरचाही विश्वास उडतो.

प्रति,
मा. आगार व्यवस्थापक,
महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ, आगार ……
विषय: दि. …… रोजी …… या बसच्या चालकाने धोकादायक पद्धतीने वाहन चालवल्याबाबत.

महोदय,
मी वरील दिनांकास सकाळी ७ वाजून १० मिनिटांच्या सुमारास …… ते …… या रस्त्यावर …… फाट्यापासून अंदाजे ४०० मीटर पुढे …… दिशेने सायकलने जात होतो. मी डांबराच्या डाव्या कडेपासून सुमारे दीड हात आत होतो. पुरेसा उजेड होता व रस्ता कोरडा होता. मागून आलेल्या …… अशी पाटी असलेल्या व …… क्रमांकाच्या बसने, समोरून ट्रक येत असताना, वेग कमी न करता मला ओलांडले. त्या वेळी बस व माझे हँडल यांत एक हातापेक्षा कमी अंतर होते. मला डांबर सोडून खाली उतरावे लागले व माझा तोल गेला. माझ्या मागे असलेल्या …… यांनी ही घटना पाहिली आहे. घटनास्थळाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.
सदर फेरीच्या चालकाचा खुलासा घेऊन योग्य ती कार्यवाही करावी व केलेल्या कार्यवाहीची माहिती मला लेखी कळवावी, ही विनंती.
आपला विश्वासू,
(नाव, पत्ता, सही)

शेवटचे वाक्य कधीही गाळू नये. कार्यवाही कळवण्याची मागणी अर्जातच असेल, तर पुढे पाठपुरावा करताना तिचा आधार मिळतो.

पुढच्या थांब्यावर गाडी गाठून चालकाला तेथेच जाब विचारावा का?

विचारू नये. राग अनावर होतो हे मी नाकारत नाही, माझेही हात त्या वेळी थरथरलेले आहेत. पण भर स्थानकात सुरू झालेला वाद काही क्षणांत हमरीतुमरीवर येतो आणि एसटीच्या कर्मचाऱ्याला धक्काबुक्की झाली, तर शासकीय कामात अडथळा आणल्याचा गुन्हा आपल्यावरच दाखल होतो. गाडीचा पाठलाग करताना आपण आणखी धोक्यात जातो, ते वेगळेच. गाडी थांबलेली दिसली तर नंबर, पाटी आणि वेळ टिपावी, नियंत्रकांच्या खिडकीवर जाऊन शांतपणे नोंद करावी आणि निघावे.

व्हिडिओ असणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. एका विश्वासार्ह माणसाचे स्पष्ट निवेदनही पुरावाच असते. व्हिडिओ असल्यास मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये किंवा कॅमेऱ्यात आहे तेथे तशीच ठेवावी, कापून लहान केलेली प्रत अर्जासोबत द्यावी आणि मूळ फाइल मागणीनुसार देण्याची तयारी लिहावी. प्रकरण न्यायालयात गेल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मूळ उपकरण जपणे महत्त्वाचे आहे. पेट्रोल पंप, ढाबा किंवा सहकारी संस्थेच्या कॅमेऱ्यात घटना आली असण्याची शक्यता असेल, तर त्याच दिवशी जाऊन चित्रण राखून ठेवण्याची विनंती करावी, कारण जुन्या चित्रणावर काही दिवसांतच नवे चढते.

समाजमाध्यमांवर टाकले तर लवकर दखल घेतली जाते, असे म्हणतात.

कधी कधी घेतली जाते. मात्र ती पोस्ट म्हणजे अर्ज नव्हे आणि तिला आवक क्रमांक नसतो. आधी अर्ज द्यावा. चालकाचा चेहरा, नाव किंवा घरचा पत्ता पसरवू नये.

पोलिसांकडे केव्हा जावे, आणि त्यांनी नोंद घेतली नाही तर?

इजा झाली असेल, सायकलचे नुकसान झाले असेल, चालक मुद्दाम अंगावर आला असे मानण्यास ठोस कारण असेल किंवा तोच चालक पुन्हा पुन्हा तसे करत असेल, तर पोलिसांकडे जावे. बेदरकारपणाने किंवा निष्काळजीपणाने इजा झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि इजा गंभीर असल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मृत्यू ओढवल्यास कलम १०६ लागू होते.

"हद्द आमची नाही" हे उत्तर आता चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, मग घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो. माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, पण तीन दिवसांच्या आत तिच्यावर सही करावी लागते. ठाणे अंमलदाराने नोंद करण्यास नकार दिल्यास तीच माहिती लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी, आणि त्यानंतरही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

अपघात झालाच, तर पहिल्या तासात काय करावे?

आधी १०८ वर रुग्णवाहिका आणि ११२ वर पोलीस बोलवावेत. राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ या क्रमांकावरही मदत मिळते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ नुसार जखमीला उपचार मिळवून देणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. आजूबाजूचे लोक पोलीस-कोर्टाच्या भीतीने पुढे येत नाहीत, त्यांना सांगावे की मदत करणाऱ्याला त्याच अधिनियमाच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे. केंद्र शासनाच्या २०२५ च्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमीवर नियुक्त रुग्णालयांत अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख पैसे न भरता उपचार होतात, रुग्णालयात पोहोचताच तिची विचारणा करावी. "काही नाही, खरचटलंय" म्हणून घरी जाऊ नये. डोक्याला मार बसला असेल तर वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, आणि कागद नसेल तर पुढे भरपाईचा दावा उभा राहत नाही.

भरपाई कोठे मागायची?

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६६ नुसार अर्ज करावा. अपघात जेथे झाला, अर्जदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, यांपैकी कोणत्याही ठिकाणी तो करता येतो, म्हणून बीडच्या माणसाला नांदेडला अपघात झाला तरी त्याला बीडमध्ये दावा लावता येतो. अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात घातलेली आहे, ती कसोशीने पाळावी. कलम १६४ नुसार चालकाची चूक सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खालच्या योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. चालकाने किंवा मालकाने जागेवर हातात ठेवलेले दोन-चार हजार घेऊन कोऱ्या कागदावर सही करून देण्याची चूक कोणीही करू नये.

तक्रार केल्यावर आगारात काय होते? गरीब चालकाची नोकरी जाईल का?

हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो, आणि विचारणाऱ्याच्या मनातील माया मला समजते. एसटीचा चालक आपल्यापैकीच कोणाचा तरी भाऊ किंवा मुलगा असतो. खड्ड्यांचा रस्ता, भरलेली गाडी, उशीर झाला की प्रवाशांची आरडाओरड आणि पुढच्या फेरीची वेळ हे सारे तो रोज सोसतो.

एका तक्रारीवर नोकरी जात नाही. आगार व्यवस्थापक चालकाचा लेखी खुलासा घेतात, गरज वाटल्यास वाहतूक निरीक्षकांमार्फत चौकशी होते आणि वाहकाचे म्हणणे ऐकले जाते. दोष आढळल्यास समज देण्यापासून पुन्हा प्रशिक्षणाला पाठवण्यापर्यंत मार्ग असतात. त्याहून मोठी कारवाई करायची झाल्यास महामंडळाच्या शिस्त व आवेदन कार्यपद्धतीनुसार आरोपपत्र द्यावे लागते आणि चालकाला बचावाची पूर्ण संधी मिळते. हे सर्व पाहता तक्रार ही त्याच्यासाठीही संरक्षण आहे, कारण आज समज मिळालेला चालक उद्या कलम १०६ चा आरोपी होण्यापासून वाचतो. वेळापत्रकच अशक्य असल्याचे आपल्याला दिसत असेल, तर तेही अर्जात लिहावे. दोष फेरीच्या वेळेत असेल तर चालक बदलून काही होत नाही.

एका आगाराने आमच्या तक्रारीनंतर जानेवारीतील रस्ता सुरक्षा अभियानात आम्हा काही सायकलस्वारांना बोलावले होते. आवारात उभ्या बसशेजारी सायकल ठेवून आम्ही चालकांना बारीने सायकलवर बसवले आणि दुसरी बस हळू वेगाने, हातभर अंतरावरून शेजारून नेली. एका ज्येष्ठ चालकाने उतरल्यावर इतकेच म्हटले, "वरून एवढं जवळ दिसत नाही." तशी मागणी कोणत्याही आगाराकडे लेखी करता येते.

महिना झाला, उत्तर आले नाही. पुढे काय?

आधी आवक क्रमांक देऊन स्मरणपत्र द्यावे आणि त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. राज्य शासनाच्या "आपले सरकार" या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. तालुका लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्हा लोकशाही दिन पहिल्या सोमवारी असतो, तेथेही अर्ज देता येतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा सर्वांत परिणामकारक मार्ग आहे. दहा रुपये शुल्क भरून, एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत अर्ज करावा. चालकाची वैयक्तिक सेवापुस्तिका मागू नये, कारण तो अर्ज फेटाळला जाईल. "माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या टिप्पणीची प्रत द्यावी" एवढेच मागावे. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करावे आणि तेथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. मराठवाड्यासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे.

आमच्या गावाजवळच्या एकाच वळणावर हे नेहमी घडते. दरवेळी नवी गाडी, नवा चालक.

तेव्हा दोष रस्त्याचाही आहे असे समजावे. झाडोऱ्याने झाकलेले वळण, तुटलेली कड, चुकीच्या जागी असलेला थांबा अशी कारणे शोधावीत आणि तारीखवार नोंदी ठेवून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे, तसेच रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, जिल्हा परिषदेकडे किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे द्यावा. ग्रामसभेचा ठराव जोडल्यास अर्जाचे वजन वाढते.

चूक आमची असेल तर?

ती अर्जात लपवू नये. दिवा नव्हता, दोघे शेजारी-शेजारी चालत होतो, कानात इयरफोन होते, असे काही असेल तर ते लिहूनच पुढे बसच्या वर्तनाबद्दल लिहावे. न्यायाधिकरण दोन्ही बाजूंच्या निष्काळजीपणाचे प्रमाण ठरवून भरपाई कमी करू शकते, पण सायकलस्वाराची लहान चूक चालकाची मोठी जबाबदारी पुसून टाकत नाही. पहाटे आणि संध्याकाळी मागे लाल दिवा, चाकांना परावर्तक आणि अंगात फिकट रंगाचे कपडे असावेत. गवळ्यांनी कॅनच्या मागच्या बाजूला परावर्तक पट्टी चिकटवावी, खर्च अगदी थोडा येतो.

माझी मुलगी सायकलने शाळेत जाते. तिच्या वतीने मी तक्रार करू शकतो का?

पालक म्हणून अवश्य करू शकता, आणि मुख्याध्यापकांनी केल्यास अधिक बरे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या जातात, आणि त्याच कार्यक्रमातून दूरच्या गावांतील मुलींसाठी एसटीच्या निळ्या बस मोफत धावतात. त्यामुळे शाळा सुटल्यावर सायकलवरच्या मुली आणि मुलींनाच न्यायला आलेली बस एकाच अरुंद रस्त्यावर एकाच वेळी येतात. मुलीला घटना आठवेल तशी तिच्याच शब्दांत सांगू द्यावी आणि पालकाने ती लिहून खाली सही करावी. सोबत मुख्याध्यापकांनी आगार व्यवस्थापकांना आणखी एक विनंती लेखी करावी: सायकलवरच्या मुलींना आधी सोडून बस पंधरा मिनिटांनी हलवावी. ही विनंती मान्य करायला नवा निधी लागत नाही, नवी गाडी लागत नाही, आगाराच्या वेळापत्रकात एक ओळ बदलावी लागते.